मुलगा मे महिन्यातही जॅकेट काढत नाही

पत्र थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून:

अकोल्याच्या एका ताईंनी लिहिलंय. मुलगा साडेतेरा वर्षांचा, यंदा नववीत गेला. लहानपणी गुटगुटीत म्हणून सगळे गाल ओढायचे, आता तेच लोक 'किती सुटलाय' म्हणतात. मे महिन्यात ४४ डिग्रीतसुद्धा तो जाड जॅकेट घालूनच बाहेर पडायचा, घामाने भिजायचा पण काढायचा नाही. दर उन्हाळ्यात स्विमिंगला जाणारा पोरगा, यंदा फी भरूनही गेला नाही. शाळा सुरू झाल्यापासून डबा तसाच परत येतो आणि रात्री ११ वाजता हा फ्रिज उघडून उभा असतो. वर्गात 'ढोल्या' म्हणतात हे माहीत होतं, पण हल्ली 'मावशी' म्हणतात असं त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं, का म्हणतात ते कळत नाही. सुट्टीत मामाने तो आंबा खात असतानाचा फोटो काढला आणि स्टिकर बनवून फॅमिली ग्रुपवर टाकला, सगळे खूप हसले, तेव्हापासून तो मामाचं नावही काढत नाही. बाबांचं म्हणणं, मुलगा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं, चांगले मार्क आण, तोंडं आपोआप बंद होतील. ताईंनी स्वतः दिवसातून दोनदाच जेवून ८ किलो वजन कमी केलंय, त्यांना वाटतं मुलालाही तेच करायला लावावं आणि जिम लावावी. त्या विचारतात, 'त्याचं वजन लवकरात लवकर कसं कमी करू, म्हणजे चिडवणं थांबेल आणि माझा हसरा पोरगा मला परत मिळेल?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचं वजन किती आहे हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. जॅकेट आहे, फुकट गेलेली स्विमिंगची फी आहे, परत आलेला डबा आहे, रात्रीचा फ्रिज आहे, स्टिकर आहे, पण किलो नाहीत. म्हणजे काय टोचतंय ते तुमच्या मनाला बरोबर माहीत आहे, फक्त शेवटी प्रश्न विचारताना गाडी वजनावर येऊन थांबली. आपल्या सगळ्यांचंच असं होतं, कारण वजनाचं काहीतरी करता येतं, त्याला डाएट आहे, जिम आहे. पोरगं गप्प गप्प झालंय त्याला काय लावायचं ते कुणी सांगत नाही.

आधी त्या 'मावशी'बद्दल बोलते. जाड जॅकेट, शर्ट काढावा लागतो ते स्विमिंग बंद, आणि मुलाला 'मावशी' म्हणणं, या तीन गोष्टी एकत्र ठेवून बघा. मला वाटतं त्याच्या छातीला थोडा उभार आला असावा. मी त्याला पाहिलेलं नाही त्यामुळे खात्री डॉक्टरांनीच करायची, पण वयात येताना मुलग्यांमध्ये हे इतकं कॉमन आहे की निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना कमीजास्त प्रमाणात होतं, तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. इस्ट्रोजेन हे हार्मोन मुलग्यांच्या अंगातही असतंच, या वयात पुरुषी हार्मोन नुकतं वाढायला लागलेलं असतं आणि काही महिने दोघांचा तोल बसत नाही, मग निपलच्या मागे चकतीसारखी छोटी गाठ येते, कधी एकाच बाजूला, हात लागला तर दुखते पण. काडीसारख्या बारीक मुलांनाही होतं. आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. काहींना गाठ नसते, नुसती चरबी असते, काहींना दोन्ही, तो फरक डॉक्टर तपासून सांगतात.

आता विचार करा, हे सगळं त्या पोराला कुणी सांगितलंय का? मुलीची पाळी येणार म्हणून निदान आई, मावशी, कुणीतरी जवळ बसवून दोन शब्द तरी सांगतं. मुलाला मिसरूड फुटणार, आवाज फुटणार एवढंच सांगतो आपण, तेही हसत हसत. छातीचं कोण सांगतं? त्याला वाटत असेल आपल्यातच काहीतरी बिघडलंय, आपण धड मुलगा नाही, आणि वर्गातली प्रत्येक 'मावशी' त्यावर शिक्का मारत असेल. ४४ डिग्रीतलं जॅकेट म्हणजे हट्ट नाहीये ताई. त्याला तो उकाडा चालतो, लोकांची नजर चालत नाही.

म्हणून पहिलं काम, त्याला हे सांगणं. शक्य असेल तर बाबांनी सांगावं, त्यांच्या बरोबरीच्या कुणाला ना कुणाला झालंच असेल, 'आमच्या वर्गातही होतं, नंतर गेलं' एवढं वाक्य बाबांच्या तोंडून आलं तरी त्या पोराच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरेल. समोरासमोर बसवून नको, या वयाची मुलं समोर बसवलं की आरोपीसारखी होतात. गाडीवर मागे बसलेला असताना, भाजी आणायला जाताना, नजरेला नजर द्यावी लागत नाही तेव्हा सांगा. तो 'हं' म्हणेल आणि विषय बदलेल, बदलू द्या, ऐकलेलं असतं.

दुसरं, बालरोगतज्ज्ञ. आधी तुम्ही एकट्या फोन करून सांगून ठेवा की पोरगा कशावरून दुखावलेला आहे, म्हणजे पडदा बाजूला असताना मोठ्याने काही बोललं जाणार नाही. आणि तपासताना पाच मिनिटं तुम्ही बाहेर थांबा. गाठ खूप कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, निपलमधून काही येत असेल, वृषणाला सूज किंवा गाठ असेल किंवा सतराव्या-अठराव्या वर्षानंतरही राहिली तर पुढच्या तपासण्या लागतात, नाहीतर वाट बघणं हेच औषध. इन्स्टावर ऑपरेशनच्या, तेलाच्या जाहिराती दिसतील, त्याच्या फोनवर तर नक्कीच दिसत असतील, या वयात त्या वाटेला जायचं नाही. जिममध्ये कुणी पावडर किंवा इंजेक्शन सुचवलं तर तिथून सरळ घरी यायचं, बॉडी बनवायच्या स्टेरॉइडने हीच छातीची तक्रार उलट वाढते.

वजनाचंही त्यांनाच विचारा. मोठ्या माणसांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा, आकडा मुलांना तसाच लावत नाहीत, वय आणि मुलगा की मुलगी याप्रमाणे बघतात, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत त्यासाठी. त्यावर त्याचा ठिपका कुठे येतो आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तो कसा सरकला हे बघूनच वजन खरंच काळजीचं आहे की नाही ते कळतं. मुलांची उंची मुलींपेक्षा साधारण दोन वर्षं उशिरा झपकन वाढते, आणि त्याच्या आधी बऱ्याच मुलांच्या अंगावर थोडं मांस चढतं. तुमचा मुलगा बरोबर त्या उंबरठ्यावर उभा आहे.

तुम्ही ८ किलो कमी केलेत त्यामागे किती निग्रह लागतो ते मला माहीत आहे, कौतुकच आहे. पण तुमचं शरीर वाढून झालंय, त्याचं अजून वाढतंय. दोन वेळाच जेवण हा वाढत्या मुलाचा प्रकार नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये डॉक्टरांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात स्पष्ट म्हटलंय की टीनएजर मुलांना डाएटवर टाकू नका, घरात त्यांच्या किंवा स्वतःच्या वजनाच्या गप्पा मारू नका, जेवढं जमेल तेवढं एकत्र जेवा. कारण डाएट करणारी पोरं पुढे जास्त वजनाकडेही जातात आणि खाण्याच्या आजारांकडेही, दोन्ही टोकांना.

आणि ताई, तो ऑलरेडी डाएट करतोय. गुपचूप. परत आलेला डबा आणि रात्रीचा फ्रिज हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीत, एकच आहे. सकाळपासून पोटात काही नाही, वर्गात डबा उघडला की 'बघा ढोल्या काय खातोय', म्हणून उघडायचाच नाही, मग रात्री सगळे झोपले की भुकेने जीव जातो आणि उभ्या उभ्या खाल्लं जातं, मग स्वतःचीच लाज वाटते, मग उद्या परत उपास. तुमच्या दोन वेळच्या जेवणाने या चक्राला आईची परवानगी मिळेल फक्त. त्यापेक्षा शाळेतून आल्या आल्या त्याला पोटभर गरम जेवायला द्या, चार वाजता असलं तरी. डब्यात हातात धरून दोन मिनिटांत संपेल असं काहीतरी, पोळीचा रोल, इडली, केळं. रात्री फ्रिजमध्ये एका वाटीत त्याच्यासाठी काहीतरी ठेवा आणि त्याला सांगून ठेवा की ते तुझं आहे. 'एवढ्या रात्री?' हा प्रश्न बंद. आणि घरात सगळ्यांना एकच स्वयंपाक, बहिणीला बटाट्याची भाजी आणि याला उकडलेला दुधी असं झालं तर ती शिक्षाच झाली.

आता समजा वजन झालं कमी. चिडवणं थांबेल? अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ४७४६ शाळकरी मुलामुलींचा एक अभ्यास झाला होता, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वजनावरून चिडवलं गेलेल्या मुलांमध्ये स्वतःच्या शरीराबद्दल नाराजी, डिप्रेशनची लक्षणं, अगदी जीव द्यायचे विचारसुद्धा जास्त सापडले, आणि प्रत्यक्ष वजन किती आहे याने त्यात फरक पडत नव्हता. म्हणजे दुखणं किलोचं नव्हतंच, चिडवण्याचं होतं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, ज्यांना शाळेतही चिडवलं जायचं आणि घरीही, त्यांची अवस्था सगळ्यात वाईट होती.

मार्कांचंही तेच, बाबांना हे सांगा. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत एक मुलगी राज्यात पहिली आली, ९८ टक्क्यांच्या वर मार्क, आणि सोशल मीडियावर लोक तिच्या चेहऱ्यावरच्या केसांवरून तुटून पडले. एखाद-दोन मार्क कमी पडले असते तर बरं झालं असतं असं त्या पोरीला म्हणावं लागलं. राज्यात पहिली येऊन लोकांची तोंडं बंद झाली नाहीत.

आता एक विचारते, रागावू नका. ते स्टिकर आलं तेव्हा 'सगळे हसले' असं तुम्ही लिहिलंय. त्या सगळ्यांत तुम्ही होतात का? एखादी हसरी इमोजी तुमच्याकडून गेली होती का? तो त्याच ग्रुपवर आहे, आणि मी पैजेवर सांगते, त्याने खाली जाऊन कुणी कुणी काय टाकलं ते एकेक बघितलंय.

मी हे का विचारतेय तेही सांगते. मी बारा वर्षांची असताना घरात लग्न होतं, ओसरीवर कासार बसला होता आणि सगळ्या बायका-मुली चुडा भरत होत्या. माझ्या हातात बांगडी जाईना, कासार साबण लावून हात दाबत होता, दुखत होतं, आणि काकू म्हणाली, हिला आईच्या मापाच्या काढा हो, हात बघा केवढा. सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. काकू नेमकं काय म्हणाली ते मी आता आठवून आठवून लिहिलंय, पण आईचं हसणं मला आठवावं लागत नाही. पुढे कित्येक वर्षं मी लांब बाह्यांचेच ड्रेस घातले. आई वाईट नव्हती, चारचौघीत जावेला काय बोलणार, हसून वेळ मारून नेली तिने. हे मला कळायला मला स्वतःला आई व्हावं लागलं. तुमच्या मुलाला तेवढी वर्षं थांबायला लागू नये.

म्हणून तुम्ही हसला असाल तर त्याला सरळ सांगा, 'त्या दिवशी मी पण हसले, ते चुकलं माझं, तुला किती लागलं असेल ते मला तेव्हा कळलं नाही.' एवढंच. पुढे 'पण मामाचा हेतू वाईट नव्हता' हे जोडू नका, त्या 'पण'ने सगळं पुसलं जातं. मग मामाला फोन, ग्रुपवर नाही, एकट्याला. तुमचा भाऊ आहे, तुम्ही त्याला हक्काने बोलू शकता, 'तू गंमत केलीस हे मला माहीत आहे पण पोरगं तेव्हापासून तुझं नाव काढत नाही, ते स्टिकर परत वापरू नको आणि त्याच्या अंगावरून काही बोलू नको, खायला बसला असताना तर अजिबात नाही.' राखीला तो येणारच असेल, त्याच्या आधी हे होऊन जाऊ द्या. मामा स्वतःहून भाच्याला सॉरी म्हणाला तर फार छान, पण सगळ्यांसमोर तमाशा करून नको. आणि तो मामाकडे नाही म्हणाला तर या वर्षी नाही. मामा चार महिने रुसला तरी चालेल.

घरातही एक नियम करा, कुणाच्याच शरीरावर कमेंट नाही, चांगलीसुद्धा नाही. हो, चांगलीसुद्धा. 'बारीक झालास, मस्त दिसतोस' यातून पोराला कळतं ते एवढंच की काल मी वाईट दिसत होतो आणि घरचे माझं माप घेत असतात. आणि तुम्ही आरशासमोर स्वतःच्या पोटाबद्दल जे बोलता, बोलत असाल तर, तेही बंद. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे, आपल्याकडे भेटल्यावर 'कशी आहेस'च्या आधी 'किती वाळलीस गं' येतं.

बाबांवर चिडू नका. 'मनावर घेऊ नको' हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं असेल, त्यांनी ते पाळलंही असेल. त्यांना एकदा शांतपणे विचारा की शाळेत तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे. बहुतेक पुरुषांना ते नाव चाळीस वर्षांनीसुद्धा तोंडपाठ असतं, आणि ते आठवलं की मनावर घेतलं होतं की नाही ते त्यांचं त्यांनाच कळतं.

शाळेत जायच्या आधी मुलाला विचारा, त्याच्या पाठीमागे जाऊन तक्रार केली तर तो पुढच्या वेळी तुम्हाला काहीच सांगणार नाही. क्लासटीचरना एकट्याने भेटा. वर्गात याला उभं करून 'याला कोण चिडवतं' असं विचारू नका, हे त्यांना स्पष्ट सांगा, तसं झालं तर दुसऱ्या दिवसापासून दुप्पट होतं. मागायचं ते छोटं आणि नेमकं मागा, 'मावशी' हा शब्द कानावर आला तर तिथल्या तिथे थांबवायचा, पीटीला टीम पाडताना मुलांनी निवडायचं नाही, सरांनी नंबर मोजून पाडायच्या.

आणि तो मित्र, ज्याच्या आईने तुम्हाला सांगितलं. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच आहे ताई. चौदा वर्षांच्या पोराने घरी जाऊन आईला सांगितलं म्हणजे त्याला ते बघवलं नाही. त्याला रविवारी जेवायला बोलवा, दोघांना सायकली घेऊन जाऊ द्या कुठे जायचं तिकडे. व्यायाम म्हणून नाही, मित्र म्हणून. स्विमिंगचंही विचारून बघा, अंगाला बसणारा स्विमिंगचा टीशर्ट मिळतो, बरीच मुलं घालतात, चालतो का ते कोचना आधी विचारून ठेवा. नाही म्हणाला तर नाही.

ज्यांच्या घरी मुलगी आहे, किंवा काडीसारखा मुलगा आहे, पिंपल्स आहेत, रंगावरून, ओठावरच्या केसांवरून, उंचीवरून बोललं जातंय, त्यांनीही यातलं बहुतेक सगळं तसंच्या तसं घ्यावं. मुलगी बारीक असेल तर 'हवेने उडशील' हे कौतुक नसतं, आणि 'काळी असली तरी नाकीडोळी छान' यात 'तरी' किती लागतो ते कुठल्याही सावळ्या मुलीला विचारा.

आता थोडं घाबरवते, पण माहीत असायला हवं. जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसणं, वजन झपाट्याने उतरणं, चक्कर येणं, शाळाच नको म्हणणं, पूर्ण बाह्या घालून हातावरचे ओरखडे लपवणं, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काहीतरी सहज बोलून जाणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. मुलग्यांना खाण्याचे आजार होत नाहीत असं नाही, होतात, उशिरा लक्षात येतात एवढंच. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, २४ तास, फुकट, मराठीत बोलता येतं, तुम्हीही करू शकता आणि तोही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन तर आहेच. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात, काही ग्रामीण रुग्णालयांतही, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक असतात.

हे सगळं आठवड्यात होणार नाही. तो लगेच हसायला लागणार नाही, कदाचित आधी थोडा चिडचिड करेल, कारण इतके दिवस गिळलेलं बाहेर येईल. येऊ द्या.

आणि एक दिवस तो जॅकेट न घालता बाहेर पडेल. तेव्हा 'अरे वा, काढलंस एकदाचं!' असं म्हणू नका. बाबांनाही आधीच सांगून ठेवा. तो गेला की खुंटीवरचं जॅकेट धुवायला टाका, वाळवून घडी घालून त्याच्या कपाटात परत ठेवा, परत घालावंसं वाटलं तर ते तिथे असू दे.